मेण आणि शिसे

माझे उभे आयुष्य शिशाच्या सहवासात गेले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गिरगावातल्या एका छापखान्यात मी जुळारी म्हणून लागलो आणि संगणकाने खिळ्यांना मोडीत काढले त्या दिवसापर्यंत तेथेच राहिलो. पहाटे वसईहून गाडी पकडायची, आठच्या ठोक्याला केसपुढे उभे राहायचे आणि दिवसभर एकेक खिळा वेचून ओळी बांधायच्या, असा तो संसार होता. शिसे, अँटिमनी आणि कथील या तीन धातूंच्या मिश्रणावर माझ्या मुलांची शिक्षणे झाली. मालक आम्हांला रोज गुळाचा खडा देत. शिशाचे विष गुळाने उतरते, अशी त्या काळी समजूत होती. आमचे वयोवृद्ध फोरमन मात्र म्हणत, “गूळ खा, पण आधी हात धुऊन खा.” विज्ञान त्यांच्याच बाजूचे आहे. शिसे धड कातडीतून फारसे आत शिरत नाही. ते बोटांवरून तोंडात जाते.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, सत्तरी ओलांडल्यावर, घरापासून सातासमुद्रांपलीकडे, ते शिसे पुन्हा एकदा माझ्या हाती आले. मात्र या वेळी त्याची अक्षरे व्हायची नव्हती.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी व माझी पत्नी आमच्या लेकीकडे अमेरिकेला गेलो. पेनसिल्व्हानिया राज्यात, पिट्सबर्ग शहराजवळच्या एका लहान गावी तिचे बिऱ्हाड आहे. एके काळी हा सारा मुलूख पोलादाच्या भट्ट्यांनी रात्रंदिवस धगधगत असे. १९८० च्या दशकात कारखान्यांना एकामागून एक टाळी लागली. होमस्टेडचा जगप्रसिद्ध कारखानाही १९८६ साली बंद पडला. पोलंड आणि स्लोव्हाकियाकडून आलेल्या कामगारांनी पै-पै जमवून बांधलेली चर्चेस मात्र टेकड्यांवर अजून उभी आहेत. प्रायश्चित्तकाळातल्या दर शुक्रवारी या धर्मग्रामांच्या सभागृहांत तळलेल्या माशांचे जेवण असते. मांस वर्ज्य, म्हणून मासळी. आणि मासळीच्या निमित्ताने सारा गाव एकत्र. आम्हां वसईकरांना मासळीचे जेवण ही तपश्चर्या कशी वाटावी, हा प्रश्न वेगळा!

राखेच्या बुधवारानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी अशा एका पंगतीत माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. वय एक्याऐंशी. पोलादाच्या कारखान्यात लेथवर हयात घालवलेली. आजोबा पोलंडहून आलेले. पत्नीला देवाज्ञा होऊन तीन वर्षे झाली होती. बोलता बोलता मी माझा जुना धंदा सांगितला, तसे त्यांनी हातातला काटा खाली ठेवला.

“म्हणजे तुम्हांला शिसे कळते,” ते म्हणाले.

“पोटापुरते कळते,” मी म्हणालो.

“मग उद्या माझ्या गॅरेजमध्ये या. तुम्हांला काही दाखवायचे आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. त्या देशात पुष्कळ घरांत मोटार बाहेर थंडीत कुडकुडते आणि गॅरेजमध्ये घरधन्याचा छंद राहतो. कोपऱ्यात जाड लाकडाचे बाक, त्यावर शेगडी आणि शिसे वितळवण्याचे भांडे, भिंतीवर हत्यारे ओळीने टांगलेली. बाकाखालच्या बादलीत राखाडी रंगाचे लांबट तुकडे होते. मी सहज एक उचलला आणि माझे काळीज लकाकले. ती लायनोटाइपची ओळ होती. यंत्रावर अखंड ओतलेली छापील मजकुराची एक ओळ. अक्षरे उलटी, जशी जुळाऱ्याला सुलटी दिसतात. मी चष्मा वर केला आणि वाचून दाखवले: बटाटे, दहा पौंड, आणि पुढे किंमत. जवळच्या गावचे एक वर्तमानपत्र बंद पडले तेव्हा तिथला धातू त्यांनी वजनावर विकत घेतला होता. चाळीस वर्षे ती बादली त्यांच्यापाशी होती. पण त्यातली एक ओळ आरशाविना वाचणारा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. ते लहान मुलासारखे हसले.

“याचे तुम्ही काय करता?” मी विचारले.

“गोळ्या,” ते म्हणाले. “रिव्हॉल्व्हरच्या.”

मला काय वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. १५५६ साली गोव्यात छापखाना आला. तरीही फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तेव्हा नव्हते. आपली मराठी भाषा शिशाच्या त्या चिमुकल्या खिळ्यांसाठी किती काळ दारात ताटकळत उभी होती! त्याच शिशाच्या इथे गोळ्या होत होत्या. तलवारी ठोकून त्यांचे नांगराचे फाळ होतील असे यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न आपण जाणतो. मी पाहत होतो ती गोष्ट नेमकी उलटी होती.

परंतु त्यांनी तो सारा उद्योग समजावून सांगायला घेतला, आणि माझ्यातला कारागीर माझ्यातल्या भाविकाला बाजूला सारून पुढे सरसावला. हे मला कबूल केलेच पाहिजे.

लायनोटाइपच्या धातूत शंभर भागांत सुमारे चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा भाग अँटिमनी आणि चार भाग कथील. नुसते शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. ते नखानेही ओरखडते. अँटिमनीने त्याला काठिण्य येते, कथिलाने साच्याचा कानाकोपरा भरतो. अक्षराची बारीक रेघ उमटावी म्हणून जी युक्ती, तीच गोळीच्या धारदार कडेसाठी. मात्र गोळी अक्षराइतकी कठीण असूनही चालत नाही, असे ते म्हणाले. मंद दारूच्या काडतुसात फार कठीण गोळी मागून दाब आला तरी फुगत नाही, नळीच्या अंगाला नीट चिकटून बसत नाही, आणि तिच्या कडेने तप्त वायू निसटतो. म्हणून ते या धातूत मऊ शिसे मिसळत. “लोकांना वाटते, जितके कठीण तितके चांगले,” ते म्हणाले. “मलाही पूर्वी तसेच वाटे. माझ्या मुलांना विचारा.”

ओतकाम त्यांनी थंडीतच उरकले होते. डब्यांत शेकडो गोळ्या पडून होत्या. उरले होते ते दोन संस्कार: मापात आणणे आणि वंगण देणे. त्यांचे हात अलीकडे थरथरू लागले होते, तेव्हा हे काम अडले होते. मला बोलावण्याचा खरा हेतू तो होता.

वाचकांना या कामाची कल्पना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. ज्याला अडतीस बोअरचे रिव्हॉल्व्हर म्हणतात त्याच्या नळीचे आतले माप, तिच्यातल्या पिळाच्या खाचांच्या तळाशी, ०.३५७ इंच असते. शिशाची गोळी त्याहून एक हजारांश इंच अधिक, म्हणजे ०.३५८ हवी. माणसाचा केस याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. साच्यातून निघालेली गोळी किंचित मोठी, कधी किंचित लंबगोल असते. तिला पोलादी डायमधून दाबून काढले की ती हव्या त्या मापाची होते. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरती चक्री वेगळी आणि नळी वेगळी. मधली बारीक फट ओलांडून गोळीला नळीच्या मुखात शिरावे लागते. गोळी लहान असेल तर वायू तिच्या अंगावरून घुसतो, शिसे कापत नेतो आणि नळीत त्याचा लेप बसतो. मग नेम चुकतो, आणि तो लेप खरवडण्यात दिवस जातो.

वंगणाचेही असेच. गोळीच्या कमरेला एक खाच असते. ती वंगणाने भरायची. हे वंगण मधमाश्यांच्या मेणाचे. निम्मे मेण आणि निम्मा ‘ॲलॉक्स’ नावाचा तपकिरी, चिकट, गंज रोखणारा पदार्थ, ही अमेरिकेत पुष्कळ वर्षे चालत आलेली कृती आहे. थेट जाळावर मेण पेट घेते, म्हणून पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ते वितळवायचे. मिश्रण फार मऊ झाले तर उन्हाळ्यात ओघळते, फार कडक झाले तर हिवाळ्यात खाचेतून ढलप्या पडतात. बाकाला एक हातयंत्र बसवलेले होते. गोळी बुडाकडून डायवर उभी ठेवायची, दांडा खाली ओढायचा. गोळी डायमध्ये उतरते, बाजूच्या नळकांड्यातले वंगण बारीक छिद्रांतून येऊन खाच भरते. दांडा वर केला की गोळी कमरेला तपकिरी करगोटा बांधून बाहेर येते. बुडाला वंगण लागले असेल तर फडक्याने पुसायचे, नाही तर ते दारू खराब करते.

दांडा ओढायचे काम माझे, गोळी मायक्रोमीटरने मोजायचे काम त्यांचे. त्या पहिल्या दिवशी आम्ही दोनशे गोळ्या केल्या. पन्नाशीपर्यंत मला लय सापडली. उचल, ठेव, ओढ, सोड. खिळे वेचणाऱ्या बोटांना पंचवीस वर्षांनी त्यांचे हरवलेले काम परत मिळाले होते. मी मनाने गिरगावात होतो. संध्याकाळी आम्ही दोघांनी थंड पाण्याने आणि साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. हा त्यांचाही नियम होता.

त्या मेणाच्या वासाने मी आणखी एका ठिकाणी जात होतो. मेण पातळ होऊ लागले की गॅरेज चर्चसारखे दरवळे. मी तसे म्हणताच त्यांनी फळीवरची एक पेटी काढली. आत मेणाच्या पिवळ्याजर्द वड्या होत्या. हे मेण त्यांच्या पत्नीच्या मधमाश्यांचे. तीस वर्षे त्या बाईंनी परसात पेट्या ठेवल्या होत्या. त्या गेल्या त्याच हिवाळ्यात पोळीही मेली. उरल्या त्या या वड्या. एका वडीवर, मेण ओले असताना बसलेला, त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. ती वडी ते वितळवीत नसत.

मी त्यांना आपल्याकडची १८५७ ची हकिगत सांगितली. नव्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसाला लावलेले वंगण, ते दातांनी तोडण्याची सक्ती, गाईच्या आणि डुकराच्या चरबीची वार्ता, आणि हिंदू-मुसलमान शिपायांच्या मनातला भडका. सरकारने जानेवारीतच शिपायांना त्यांच्या पसंतीचे वंगण वापरायची मुभा दिली होती. पण विश्वास एकदा गेला की मुभेला कोण विचारतो? १० मे रोजी मीरतेला वणवा पेटला. त्या उठावाची कारणे खोल आणि अनेक होती, तरी ठिणगी पडली ती वंगणावर. ते थक्क होऊन ऐकत होते. त्यांच्या हातातल्या मेणाच्या वडीकडे पाहत म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडच्या माणसांनी विचारले तरी, की आपण कशाला हात लावतो आहोत.”

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. माझ्या मनात मात्र ते रुतून बसले.

तिसऱ्या आठवड्यात माझा अकरा वर्षांचा नातू शाळेतून आला तो गप्प गप्प. त्या दिवशी शाळेत सराव झाला होता. आपल्याकडे आगीचा सराव होतो, तिकडे बंदूकधारी शाळेत शिरला तर काय करायचे याचा होतो. दिवे मालवायचे, दाराला कडी घालायची आणि साऱ्या वर्गाने भिंतीपाशी आवाज न करता बसून राहायचे. जेवताना त्याने मला विचारले, “आजोबा, तुम्ही रोज शेजारी जाऊन गोळ्या करता ना? त्या कुणाला लागणार?”

“कुणाला नाही रे. कागदाला,” मी म्हणालो.

“हे तुम्हांला कसे माहीत?”

माझ्या लेकीने त्याला दटावले. पण मला घास गिळवेना. मला खरेच कसे माहीत? आमच्या गावापासून काही मैलांवर, पिट्सबर्गच्या स्क्विरल हिल भागात, २७ ऑक्टोबर २०१८ रोजी, शब्बाथच्या सकाळी, ‘ट्री ऑफ लाइफ’ या यहुदी प्रार्थनामंदिरात एका माणसाने अकरा उपासकांना गोळ्या घालून ठार केले होते. प्रार्थना करणारी माणसे. त्या खटल्याची सुनावणी तोंडावर आली होती, वर्तमानपत्रे त्याच विषयाने भरलेली होती. त्या गोळ्याही कोणीतरी मापात आणल्या असतील. कारखान्यातल्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या कोणा पोटार्थी माणसाने काम चोख केले असेल आणि संध्याकाळी हात धुऊन तो घरी गेला असेल.

हात तर मीही धुतच होतो. प्रायश्चित्तकाळ चालू होता. पिलातानेही हात धुतले होते, हे त्या रात्री मला आठवल्यावाचून राहिले नाही.

खिळे जुळवताना मी कधी विचारले नव्हते की, या ओळीने कुणाचे भले होईल, कुणाचे वाईट. छापखान्यात देवाची गीते आली तशी खोट्या औषधांची पत्रकेही आली. शुद्धलेखन अचूक असले की माझे काम झाले, असे मी मानले. कारागिराला हा मोह मोठा असतो. कामाच्या चोखपणाला आपण पुण्य समजून बसतो. एका हजारांश इंचाचे माप जपणारा माणूस, ती वस्तू कुठे निघाली आहे हे मोजायचे विसरतो.

मी ठरवले की, उद्या जाऊन त्यांना नम्रपणे सांगायचे: तुमचा स्नेह हवा आहे, पण हे काम यापुढे माझ्या हातून होणार नाही. त्यांच्याबद्दल मनात किंतूही आला होता. एकटा म्हातारा, शेकडो गोळ्या आणि कुलपात ठेवलेले, मी अजून न पाहिलेले ते रिव्हॉल्व्हर.

सकाळी मी तसे बोललो. नातवाचा प्रश्नही सांगितला. ते रागावले नाहीत. बराच वेळ बाकावरचे वंगणाचे डाग फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, “मुलाला सांगा, त्याने योग्य तेच विचारले. आणि तुम्हांला एक सांगतो. या घरात रिव्हॉल्व्हर नाही.”

मी चमकलो.

त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. पत्नी गेली त्या हिवाळ्यात रात्री फार लांबल्या. झोप येईना. ते रिव्हॉल्व्हर चाळीस वर्षे घरात होते. त्याची त्यांना कधी भीती वाटली नव्हती. एके रात्री वाटली. “लोखंडाची नव्हे,” ते म्हणाले, “माझी.” दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी आपल्या थोरल्या मुलाला फोन केला आणि सांगितले, येऊन ही वस्तू घेऊन जा, दारूही ने, काडतुसेही ने, मी मागितले तरी एकट्याला परत देऊ नकोस. मग ते डॉक्टरांकडे गेले, आणि फादरांकडेही जाऊन मन मोकळे केले. चार मैलांवर राहणारा तो मुलगा महिन्यातून एकदा त्यांना नेमबाजीच्या मैदानावर नेतो. काडतुसे भरायचे काम त्याच्या घरी होते. बापलेक दोघे मिळून कागदाला भोके पाडतात, नंतर कॉफी पितात आणि घरी येतात.

“मग इथे हे सारे कशासाठी?” मी विचारले.

“हातांना काम हवे. आणि मुलाने दर महिन्याला यायला काही कारण हवे.” थोडे थांबून ते म्हणाले, “गोळीला माप असते. माणसालाही असते. त्या रात्री मला माझे कळले.”

मला पुढे काही बोलवले नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक हे दुसऱ्याने केलेले खून नसतात. माणसे स्वतःचाच जीव घेतात. हे मी नंतर लेकीकडून ऐकले. दार बंद करून अंधारात बसायचा सराव मुलांना शिकवला जातो. पण म्हाताऱ्या, एकट्या माणसाला स्वतःपासून वाचवायचा सराव कोण शिकवतो? या माणसाने तो आपला आपण केला होता. सगळ्यांत प्रिय वस्तू त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवली होती आणि आपल्याला भीती वाटते हे पोटच्या मुलापाशी कबूल केले होते. पाचवी आज्ञा आपण नेहमी दुसऱ्याच्या जिवाच्या संदर्भात वाचतो. आपला जीवही त्याच आज्ञेच्या सावलीत आहे, हे मला त्या गॅरेजमध्ये उमगले.

मी त्या दिवशी दांडा ओढला का? ओढला. पन्नास गोळ्या राहिल्या होत्या, त्या पुऱ्या केल्या. माझ्या मनातला प्रश्न सुटला होता म्हणून नव्हे. तो आजही सुटलेला नाही. त्या देशात घरोघरी असलेली हत्यारे पाहून माझा जीव अजून घाबरा होतो, आणि नातवाच्या त्या प्रश्नाला माझ्यापाशी पुरे उत्तर नाही. परंतु त्या घटकेला त्या वृद्धाला एकटे टाकून, स्वच्छ हातांनी निघून जाणे मला अधिक मोठे पाप वाटले. घरी येऊन नातवाला मी सारे त्याच्या वयाला झेपेल असे सांगितले. रिव्हॉल्व्हर त्या घरात का नाही, हेही सांगितले. त्याने विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे ते शूर आहेत.” मी म्हणालो, “होय.”

८ एप्रिलच्या रात्री पास्काच्या जागरविधीला आम्ही सारे एकत्र गेलो. ते, त्यांचा मुलगा, माझी लेक-जावई, नातू. चर्चबाहेर थंडीत नवा अग्नी पेटला, पास्काची मेणबत्ती पेटली, आणि अंधाऱ्या मंदिरात ती एकटी ज्योत पुढे निघाली. पुढे पुनरुत्थानाचे ते प्राचीन स्तुतिगान सुरू झाले. त्यात मधमाश्यांच्या श्रमाचा उल्लेख आहे. इंग्रजी भाषांतरातून मधली काही दशके मधमाश्या गळून गेल्या होत्या. २०११ साली आलेल्या नव्या भाषांतरात त्या परत आल्या. ती ओळ आली तशी त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थरथरत होता. किती दिवस त्याच मेणाने आमची बोटे माखली होती! मेण बिचारे काही निवडत नाही. ते गोळीच्या खाचेत बसते आणि वेदीवरही जळते. निवडायचे असते ते आपण.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो. अंगठ्याचा ठसा असलेल्या त्या वडीबद्दल मी धीर करून विचारले. ते म्हणाले, “तिची मेणबत्ती करून ठेवायला मुलाला सांगितले आहे. माझ्या अंत्यविधीच्या दिवशी ती घरात लावतील. पण घाई नाही.” आणि हसले. घाई नाही, हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले.

मग बाकाखालच्या बादलीत हात घालून त्यांनी ती लायनोटाइपची ओळ शोधून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “ही वितळवायला नको,” ते म्हणाले. “वाचणारा भेटला आहे.”

छापखाना बंद झाला त्या दिवशी मी एक खिळा आठवण म्हणून उचलला होता, ‘क्ष’चा. आज वसईच्या घरी, टेबलाच्या खणात, ‘क्ष’शेजारी दहा पौंड बटाटे आहेत. कधी कधी खण उघडून मी ती ओळ उलटी वाचतो. नंतर उठून हात धुतो, आणि रविवारी अमेरिकेला फोन लावतो. लेकीची खुशाली विचारून झाली की माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: या महिन्यात त्यांचा मुलगा येऊन गेला ना?